पिंपरीची सिएरा आणि तिचें अनुकर्म

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें प्रथम दफ्तरें, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हींच उभीं राहतात. यंत्र हेंही इतिहासाचें साधन होऊं शकतें, आणि तेंही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं आपल्याच गांवच्या कारखान्यांतून बाहेर पडलेलें यंत्र, ही गोष्ट एकाएकीं मनास पटत नाहीं. चिंचवडच्या देवस्थानासंबंधीं एखादी सनद हातीं आली तर आपण ती रुमालांत गुंडाळून जपून ठेवतों. पण त्याच चिंचवडच्या शेजारीं, पिंपरीस, जी मोटार घडली तिचा सांगाडा एखाद्या कुंपणापलीकडे गंजत पडलेला असतां आपण तिकडे दृष्टि न टाकतां पुढें जातों. प्रस्तुत लेखांत अशा एका मोटारीविषयीं, म्हणजे टाटांच्या सिएरा या गाडीविषयीं, आणि दीर्घकाळ उपेक्षेंत पडून राहिलेली अशी गाडी पुन्हां रस्त्यावर आणतांना काय करावें व काय करूं नये याविषयीं, आम्हांस जें कळलें तें सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम स्थळाचा इतिहास थोडक्यांत दिला पाहिजे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषध-कारखाना स्थापन झाला. पुढें आकुर्डी, भोसरी, चिंचवड या भागांत एकामागून एक कारखाने आले, आणि गांवें इतकीं वाढलीं कीं १९७० सालीं त्यांची एक नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका करावी लागली. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, जिला सारें पुणें टेल्को याच नांवानें ओळखत असे, ती मूळची जमशेटपूरची, १९४५ सालची. १९५४ सालीं जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशीं करार करून ती मालमोटारी घडवूं लागली, आणि १९६६ सालीं सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें पिंपरीस दुसरें ठाणें बसविलें. मुळगांवकरांचा क्रम लक्षांत घेण्याजोगा होता. गाड्या घडविण्याच्या आधीं गाड्या घडविणारीं हत्यारें तयार करावयाचीं, आणि त्याच्याही आधीं तीं हत्यारें घडविणारीं माणसें तयार करावयाचीं. त्यामुळें पिंपरींतून पहिली मालमोटार बाहेर पडण्यास १९७७ साल उजाडलें. या विलंबाचें फळ मागाहून दिसलें. १९८६ सालीं ४०७ ही हलकी मालमोटार, १९८८ सालीं टाटामोबाइल २०६ ही मागें उघड्या हौद्याची गाडी, आणि तिच्याच पायावर १९९१ सालीं सिएरा, अशी ही परंपरा आहे. १९९२ सालीं इस्टेट, १९९४ सालीं सुमो व १९९८ च्या अखेरीस इंडिका आली. मर्सिडीझ-बेंझच्या गाड्यांची भारतांतील जुळणी देखील १९९५ सालीं प्रथम याच आवारांत सुरू झाली व २००९ सालीं ती चाकणला हलली. २००३ सालीं टेल्को हें नांव जाऊन टाटा मोटर्स हें नांव आलें. गांवांतील जुनीं माणसें अद्यापि टेल्कोच म्हणतात, तो भाग वेगळा.

म्हणजे सिएरा ही टेल्कोची पहिली प्रवासी मोटार होय, आणि ती पिंपरीची आहे. तिचें रूप त्या काळीं रस्त्यावर उठून दिसे. पुढें दोन्ही बाजूंस एकेक रुंद दार आणि तिसरें दार मागें. त्या मागच्या दारावर टांगलेलें जादा चाक. आणि मागच्या बैठकीच्या दोन्ही अंगांस, वर छपराकडे वळत गेलेली एकेक अखंड, न उघडणारी मोठी कांच. विजेनें वरखालीं होणाऱ्या कांचा, वातानुकूलन व इंजिनाचे फेरे दाखविणारी तबकडी यांची तेव्हां या देशांतील मोटारींत मोठी अपूर्वाई होती. इंजिन चार सिलिंडरांचें, डिझेलवर चालणारें, १९४८ घन सेंटिमीटरांचें. वेगाविषयीं तिची कीर्ति कधींच नव्हती. खंडाळ्याचा घाट ती आपल्या चालीनें चढे. चालू शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. २०२० सालीं दिल्लीजवळच्या प्रदर्शनांत त्या नांवाचें एक प्रायोगिक रूप मांडण्यांत आलें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें सिएरा या नांवाची नवी मोटार बाजारांत आली. नवीची जाहिरात करतांना जुनीची आठवण पुष्कळ काढली गेली. परंतु आठवण काढणें आणि वस्तु जतन करणें या गोष्टी निराळ्या आहेत.

आतां वयाचा प्रश्न, आणि आमच्या मतें सर्व गोम येथेंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. वाढीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पांच हजार रुपये झालें आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांहून जुन्या मोटारीस तें दहा हजार करण्यांत आलें. शिवाय महाराष्ट्रांत पर्यावरण-कर निराळा. दुसरीकडे, केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं पुरातन, म्हणजे ज्यांस व्यवहारांत व्हिंटेज म्हणतात, अशा वाहनांचे नियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेल्या दुचाकीस अगर मोटारीस, ती मूळ स्वरूपांत राखली असेल तर, निराळी नोंदणी मिळते. तिच्या क्रमांकांत व्हीए हीं अक्षरें येतात, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, मुदत दहा वर्षांची असते, आणि अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, शोभायात्रा, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते.

वाचकांनीं हिशेब करून पाहावा. १९९१ सालची सिएरा २००६ सालीं मुदतीबाहेर गेली आणि २०४१ सालीं ती पुरातन ठरावयाची. पंधराव्या वर्षीं म्हातारपण आणि पन्नासाव्या वर्षीं पुराणवस्तूचा मान. मधलीं पस्तीस वर्षें ती केवळ भंगार. जुन्या वाहनांच्या मंडळांचा जो आंतरराष्ट्रीय संघ १९६६ पासून काम करतो आणि ज्याला संक्षेपानें फिवा म्हणतात, त्यानें ही मर्यादा तीस वर्षांची धरली आहे. त्या मापानें आमची सिएरा २०२१ सालींच ऐतिहासिक झाली. नेमकें त्याच सालीं आपल्याकडे जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण जाहीर झालें, आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढें चालविणें बंद झालें. हें धोरण चुकीचें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर आम्हीं पुष्कळ गिळला आहे, आणि रोजच्या वाहतुकींतून अशा गाड्या जाव्यात हेंच बरें. परंतु धोरणाच्या चाळणींतून लाखों निरुपयोगी गाड्यांबरोबर चार साक्षीदारही खालीं पडून जातात, आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं.

यांत आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी आज सिएरा दुरुस्त करणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. २०२१ च्या नियमांत चासी, बॉडीचा सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे आज ज्यानें हौसेनें जुनें इंजिन काढून एखादें नवें, जोरदार इंजिन बसविलें, किंवा छप्पर कापून गाडी उघडी केली, त्यानें २०४१ सालचें दार आजच लावून घेतलें. आजच्या दुरुस्तीवर पंधरा वर्षांनंतरचा हक्क अवलंबून आहे.

येथें आम्हांस आमच्या विद्येचा एक दाखला द्यावासा वाटतो. मयमत नांवाच्या प्राचीन शिल्पग्रंथांत जीर्ण देवालयांच्या दुरुस्तीचा एक स्वतंत्र अध्याय आहे व त्या कर्मास तेथें अनुकर्म म्हटलें आहे. मूळ कृतीच्या मागोमाग जाणारें तें अनुकर्म, असा आम्ही त्याचा अर्थ घेतों. त्याचें तात्पर्य असें कीं, ज्या देवालयाचीं लक्षणें अद्यापि ओळखूं येतात त्याचा उद्धार त्याच्याच द्रव्यांनीं करावा. उंची-रुंदी पूर्वीचीच ठेवावी. पूर्वीं नव्हतें असें कांहीं वाढवूं नये. आणि सर्व जाणत्यांच्या सल्ल्यानें करावें. फिवा संघानें २०१२ सालीं तुरीन शहराच्या नांवें जी सनद मान्य केली तींत जवळजवळ हेंच सांगितलें आहे. अधिक इतकेंच कीं बदललेल्या भागावर सहज दिसेल अशी कायमची खूण करावी व केलेल्या कामाची नोंद ठेवावी. शिल्पशास्त्रकाराला ही शेवटची गरज भासली नसावी. देऊळ पुन्हां पूजेस लागलें कीं त्याचें काम झालें. संशोधकास मात्र जुना दगड कोणता आणि नवा कोणता हें कळलेंच पाहिजे. पोथीच्या संपादनांत मूळ पाठ व प्रक्षेप वेगळे दाखवावयाचे असतात, तोच न्याय येथें लागू आहे.

मग काम कोठून सुरू करावें? गॅरेजांतून नव्हे, कागदांपासून. गाडी कितीही उत्तम चालूं लागली तरी कागद नसतील तर ती फाटकाबाहेर काढतां येत नाहीं. नोंदणी-पुस्तकांतील चासी-क्रमांक व इंजिन-क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशीं अक्षरशः ताडून पाहावे. चासीवरील अंकांवर कागद ठेवून पेन्सिलीनें घासून जो छाप घेतात, तो परिवहन कार्यालयाच्या अर्जांवर लागतो. शिलालेखाचा ठसा ज्यानें एकदां घेतला आहे त्याला हें निराळें शिकवावें लागत नाहीं. गंजामुळें अंक दिसेनासे झाले असतील तर तार-घासणीनें खरवडूं नये. तेल लावून, गंज मऊ करून कापडानें पुसावा. अंक झिजला कीं गाडीची ओळख गेली. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नांवें गाडी करून घेण्यास नमुना ३१ व नोंदणी वाढविण्यास नमुना २५, असे अर्ज आहेत. या पायरीवरच निम्म्या गाड्या अडतात असा गॅरेजवाल्यांचा अनुभव आहे. भावंडांच्या सह्या मिळत नाहींत, आणि गाडी आणखी दहा पावसाळे पाहते.

आमच्या पाहण्यांत आलेली एक सिएरा प्राधिकरणांतील एका बंगल्याच्या बाजूस, पत्र्याच्या छपराखालीं, अशीच थांबलेली होती. मालक कारखान्यांतच नोकरीस होते. ते निवर्तल्यावर गाडी हलली नाहीं. ती किती वर्षें उभी आहे याविषयीं घरांत एकमत नव्हतें. कोणी दहा म्हणे, कोणी सोळा. आम्हीं टायर पाहिले. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. चारही टायरांवर २००६ सालच्या अठराव्या आठवड्याचा शिक्का होता, आणि त्यांची नक्षी मात्र बरीच झिजलेली होती. म्हणजे २००६ च्या उन्हाळ्यानंतर गाडी पुष्कळ धांवली होती. विम्याचा शेवटचा कागद २०११ चा निघाला. दोहोंच्या मधला पुरावा पुढच्या खणांतील एका लहान डायरींत सांपडला. तींत मालकानें दर वेळीं भरलेलें डिझेल व त्या वेळचे किलोमीटर बारीक अक्षरांत लिहून ठेवले होते, आणि शेवटची नोंद २०१० च्या डिसेंबरांतील होती. गंमत अशी कीं डायरींतील शेवटचा आंकडा गाडीच्या मीटरावरील आंकड्याहून मोठा होता. समकालीन लेख व प्रत्यक्ष वस्तु यांत विरोध आला तर काय करावें, हा आपल्या शास्त्रांतला नेहमींचा प्रश्न. पुढें डायरीच्याच मलपृष्ठांत घडी केलेली एक पावती मिळाली: मीटर बदलल्याची. लेख खरा ठरला. तो मीटर नवा म्हणून टाकून द्यावा असें कोणी सुचविलें होतें. पण तोही आतां त्या गाडीच्या चरित्राचाच भाग आहे.

इंजिन जागें करण्याचें काम टूल-रूममधून निवृत्त झालेल्या एका फिटरानें अंगावर घेतलें. घरच्या तरुणानें नवी बॅटरी आणून ठेवलीच होती. फिटरानें ती बाजूस सारली व म्हणाला, "गुरुजी, चावीला कोणी हात लावूं नका. आधीं हातानें फिरवून बघूं." त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा अतिशय दाबली गेल्यानें तापते आणि त्या उष्णतेनें इंधन पेटतें. म्हणून त्यांत दाब पेट्रोलच्या इंजिनापेक्षां फार मोठा असतो. सिलिंडरांत वाटीभर पाणी किंवा जुनें डिझेल उतरलें असेल आणि स्टार्टरानें झटका दिला, तर हवेप्रमाणें पाणी दबत नाहीं. दट्ट्याचा दांडा वांकतो. शिवाय दट्ट्यांचीं कडीं सिलिंडरास गंजून चिकटलेलीं असतात, तीं झटक्यानें मोडतात. तेव्हां प्रथम हीटर-प्लग, म्हणजे थंडींत हवा तापविणाऱ्या कांड्या, काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, दोन-तीन दिवस मुरूं द्यावें, आणि पुढच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून इंजिन हातानें हळू फिरवावें. दोन पूर्ण फेरे अडथळ्यावांचून झाले तर बरें. त्या गाडीचें इंजिन तिसऱ्या दिवशीं अर्धा फेरा हललें आणि पांचव्या दिवशीं मोकळें झालें. क्लचची प्लेट मात्र फ्लायव्हीलला चिकटलेली होती. तिच्यासाठीं गिअर-पेटी उतरवावी लागली.

डिझेल-टांकीचें काम घाणेरडें असतें व तें टाळूं नये. टांकींत हवेंतली ओल पाण्याच्या रूपानें तळाशीं जमते; त्या पाण्यावर व डिझेलवर जीवजंतु वाढून काळा, बुळबुळीत गाळ होतो. तो पंपांत गेला तर पंप व नोझल दोन्ही निकामी. टांकी उतरवून धुवावी, नळ्या फुंकाव्या, गाळणी नवी घालावी, पंप व नोझल त्याच कामाच्या माणसाकडे तपासणीस द्यावे, आणि शेवटीं नळ्यांत अडकलेली हवा काढून टाकावी. हवा राहिली तर इंजिन दम लागल्यासारखें दोन आचके देऊन बंद पडतें व नवखा माणूस पंपास दोष देतो.

ब्रेकविषयीं आमचें मत कडक आहे. येथें मूळ भागाचा मोह धरूं नये. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें, तिनें आंतून नळ्या व सिलिंडर गंजतात. रबरी नळ्या बाहेरून धड दिसल्या तरी आंतून फुगून बुजलेल्या असतात. रबर, तेल, टायर व पट्टे हीं सर्व नवीं घालावींत, आणि काढलेल्यांपैकीं एकेक नमुना चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा. वस्तु जपावी हें खरें, पण रस्त्यावर चालणाऱ्या माणसांच्या जिवावर नव्हे. टायरांना नक्षी आहे म्हणून ते चांगले असें समजणारे पुष्कळ भेटतात. पंधरा वर्षांचें रबर दगडासारखें झालेलें असतें.

पत्र्याच्या कामांत खरी परीक्षा होते. गाडीवर जाड ताडपत्री टाकून ठेवणें हा आपल्याकडचा सर्वत्र आढळणारा उपाय. पण पावसाळ्यांत ताडपत्रीखालीं पत्रा घामेजतो आणि उघड्या गाडीहून लवकर गंजतो. सिएराच्या मोठ्या कांचांभोवतालचें रबर कडक झालें कीं पाणी कांचेच्या कडेनें आंत उतरून मागच्या बैठकीखालीं सांचतें. गालिचा तें धरून ठेवतो व गंज आंतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसला तेव्हां आंत पत्रा चाळण झालेला असतो. अशा वेळीं नेहमींचा डेंटर पुट्टीचे थर देऊन, घासून, रंग मारून गाडी आरशासारखी करून देतो. दोन पावसाळ्यांत पुट्टी फुगते. योग्य रीति अशी कीं सडलेला तेवढाच पत्रा कापून त्याच जाडीचा तुकडा सांध्यास सांधा लावून जोडावा, आणि धड पत्र्यास हात लावूं नये. रंग सगळा खरवडण्यापूर्वीं दाराच्या आंतल्या बाजूस, जेथें ऊन पोंचत नाहीं, मूळ रंग पाहून ठेवावा. त्या गाडीवर तीन रंगांचे थर निघाले. सर्वांत खालचा कारखान्याचा. आम्हीं मालकाच्या मुलास एवढेंच विनविलें कीं मागच्या दाराच्या आंतील हातभर जागा तशीच राहूं द्यावी. त्यास तें प्रथम रुचलें नाहीं. नवा रंग दिल्यावर तो तुकडा ठिगळासारखा दिसतो, हें खरें. अखेर त्यानें ठेवला.

पुढें कांचेनें सर्वांस आठ महिने थांबविलें. डावीकडील मोठ्या कांचेला वरच्या वळणावर धक्का बसून तिचा चुरा झालेला होता. ही कांच साधी नसते. मोटारीच्या बाजूची कांच आधीं हव्या त्या आकारांत कापून, भोंकें पाडून, सहाशें अंशांहून अधिक तापवून वांकवितात व मग थंड हवेच्या झोतानें एकाएकीं निववितात. त्यामुळें तिचें पृष्ठ आंवळलेलें व गाभा ताणलेला राहतो आणि ती बळकट होते. एकदां असें केल्यावर ती कापतां येत नाहीं, भोंक पाडतां येत नाहीं; कोठेंही छेद गेला कीं तिचे बारीक खडे होतात. म्हणजे दुसऱ्या गाडीची मोठी कांच आणून ती कापून बसविणें अशक्य. नवी करावयाची तर वळणाचा सांचा प्रथम करावा लागतो, आणि एका कांचेसाठीं सांचा करणें कोणास परवडत नाहीं. कित्येक मालक त्या जागीं प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा लावतात, तो दोन वर्षांत पिंवळा पडतो; कांहींजण लोखंडी पत्रा लावून खिडकीच बुजवितात. मग ती सिएरा ओळखूं येत नाहीं. मयमताच्या भाषेंत लक्षणच लोपलें.

पुण्याच्या नाना पेठेंतील सुट्या भागांचीं दुकानें झालीं, जुना बाजार झाला, मुंबईस चौकशी झाली. भोसरीच्या लहान कारखान्यांत लेथवर एकच नग काढून देणारे टर्नर अजून आहेत व त्यांनीं दाराच्या बिजागरीच्या खुंट्या अगदीं मापांत करून दिल्या. परंतु कांच लेथवर होत नाहीं. शेवटीं ती मिळाली ती दुसऱ्या एका सिएराची. त्या गाडीचे कागद हरवले होते, मालकानें ती वजनावर विकली होती, आणि ती कापली जाण्याच्या आदल्या दिवशीं फिटर तेथें पोंचला. एका गाडीची खिडकी भरली आणि दुसरी गाडी जगांतून गेली. आम्हीं त्या कापल्या जाणाऱ्या गाडीचा चासी-क्रमांक कागदावर उतरवून घेतला. तेवढाच तिचा अवशेष.

भंगारवाल्यांविषयीं येथें दोन शब्द लिहिणें जरूर आहे. इतिहाससंशोधकांनीं वाण्याच्या दुकानांतून, पुड्या बांधण्यास काढलेल्या रद्दीतून कागद वांचविल्याच्या कथा आपण ऐकतों. जुन्या गाड्यांच्या बाबतींत तें दुकान म्हणजे भंगाराचें गोदाम. चिखलीजवळच्या कुदळवाडींत अशीं गोदामें वर्षानुवर्षें दाटलेलीं होतीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें महापालिकेनें तेथील हजारों शेडा व बांधकामें पाडलीं. तेथें वारंवार आगी लागत, त्यामुळें ती कारवाई अकारण होती असें म्हणवत नाहीं. पण त्या पत्र्याच्या शेडांत उद्योगनगरीच्या पन्नास-साठ वर्षांचा गाळ थरांथरांनीं सांचलेला होता आणि त्यांत काय काय होतें याची यादी कोणी केली नाहीं. आपल्या मंडळांपैकीं कोणी तेव्हां वही घेऊन तेथें गेलें असतें तर बरें झालें असतें.

ती गाडी चौदा महिन्यांनीं रस्त्यावर आली. तपासणीस नेण्याच्या दिवशीं तिनें मोशीच्या रस्त्यावर एकदां उष्णतेचा कांटा वर नेला; रेडिएटरच्या तळांतला गाळ पूर्ण निघालेला नव्हता, तो पुन्हां उतरवून साफ करावा लागला. धुराची तपासणी दुसऱ्या खेपेस उतरली. आतां ती महिन्यांतून दोन वेळां तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरविली जाते, कारण उभी राहिलेली गाडी पुन्हां आजारी पडते. तिच्या खणांत जुन्या डायरीशेजारीं एक नवी वही आहे. तींत कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या सिएराचा, कोणता भोसरीस नवा केलेला आणि कोणता बाजारचा, हें तारखेसह लिहिलें आहे. नव्या खुंट्यांवर फिटरानें सालाचा छोटा शिक्का मारला आहे. तुरीनची सनद त्याच्या कानीं कधीं गेली नव्हती. टूल-रूममध्यें प्रत्येक हत्यारावर असा शिक्का मारण्याची शिस्त होती, म्हणून त्यानें मारला.

राहिला प्रश्न दफ्तराचा. कंपनीचें स्वतःचें दफ्तर कंपनीपाशीं असेल. परंतु कामगारांच्या घरीं जें आहे त्याची कोणासच कल्पना नाहीं. सिएराचे साचे ज्या हातांनीं घडविले त्यांपैकीं बरेच गृहस्थ आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या घरांत आहेत व पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी याच भागांत राहतात. ज्या वाचकांपाशीं अगर त्यांच्या आप्तांपाशीं १९८८ ते २००० या काळांतील दुरुस्ती-पुस्तिका, विक्रीच्या पावत्या, जुळणीच्या वेळचीं छायाचित्रें, शिकाऊ कामगारांच्या वह्या किंवा डिझेलच्या नोंदी असतील, त्यांनीं त्यांच्या प्रति मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद मागण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या दारांत अशी गाडी उभी आहे त्यांनीं तूर्त इतकेंच करावें: चासी-क्रमांकाचा व इंजिन-क्रमांकाचा पेन्सिलीनें छाप घ्यावा, टायर व कांचा यांवरचे आंकडे उतरवावे, ताडपत्री काढून टाकून वर नुसतें छप्पर ठेवावें, आणि नोंदणीचे कागद घरांत कोणत्या कपाटांत आहेत तें आज पाहून घ्यावें.